इलेक्ट्रॉनिक ड्रमचं मॉड्यूल बदलायचंय? आधी त्याच्या आत काय चालतं ते पाहा

घोडबंदर रोडचा टॉवर असो की नेरुळ-खारघरमधली सिडकोची इमारत, फ्लॅटमध्ये खरा ड्रम सेट वाजवणं जमत नाही. म्हणून हौशी मंडळी आणि क्लासला जाणारी मुलं इलेक्ट्रॉनिक सेट घेतात. वर्ष-दीड वर्ष हात बसला की तक्रारी सुरू होतात. हलके ठोके ऐकूच येत नाहीत, मध्यम आणि जोरदार ठोका सारखाच वाजतो, रोल मारला की मधले ठोके गळतात. दुकानात विचारलं तर ‘मॉड्यूल बदला’ हे उत्तर तयार असतं, आणि चांगल्या मॉड्यूलची किंमत कधी कधी अख्ख्या जुन्या सेटएवढी निघते. सल्ला चुकीचाच असतो असं नाही. पण बिघाड नेमका कुठे आहे हे न पाहता तो ऐकला तर पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते.

एका डब्यात दोन कामं

मॉड्यूल म्हणजे रॅकला बसवलेला, स्क्रीन आणि बटणं असलेला डबा. पहिलं काम ठोका ओळखण्याचं: कोणत्या पॅडवर पडला, किती जोरात, मधे की कडेला. याला ट्रिगरिंग म्हणतात. दुसरं काम आवाज काढण्याचं: मेमरीत साठवलेल्या ड्रमच्या आवाजांतून योग्य तो निवडून हेडफोनला पाठवायचा.

या दोन कामांच्या मधे आकड्यांची एक भाषा आहे, मिडी. १९८३ पासून वाद्यं आणि कॉम्प्युटर तिच्यातच बोलतात. स्नेअरवर, म्हणजे सेटमधल्या समोरच्या मुख्य ड्रमवर, ठोका पडला की ‘नोट ३८, जोर ९४’ असा निरोप तयार होतो. जोराची पट्टी १ ते १२७. आवाज काढणाऱ्या भागाला तुमचा हात दिसत नाही, त्याला फक्त हा निरोप कळतो.

‘आवाज डबड्यासारखा येतो’ ही तक्रार दुसऱ्या कामाची आणि ‘ठोके गायब होतात’ ही पहिल्याची. चांगला आवाज कॉम्प्युटरवरून घेता येतो, काही सॉफ्टवेअर तर फुकट मिळतात. ठोका ट्रिगरिंगमध्येच हरवला तर मात्र तो पुढे कशानेही परत येत नाही. घरी वाजवणाऱ्याने पैसे घालायचेच असतील तर ते ट्रिगरिंगवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

काठी पडल्यापासून आकडा उमटेपर्यंत

पॅड उघडलं की आत पितळेची पातळ चकती दिसते, बहुतेक वेळा २७ किंवा ३५ मिलिमीटर व्यासाची, वर सिरॅमिकचा पांढरट थर. ही पायझो. तिला धक्का बसला की ती स्वतः वीज निर्माण करते, बॅटरी लागत नाही. पण एका ठोक्याला वीज एकदाच उसळून थांबत नाही. ती वरखाली होत विरत जाते, आणि जाळीच्या पॅडवर ही थरथर रबरी पॅडपेक्षा जास्त वेळ टिकते. या थरथरीतून ‘ठोका एकच, जोर इतका’ असा निष्कर्ष एक-दोन मिलिसेकंदांत काढायचा असतो. चांगलं आणि साधारण मॉड्यूल यांतला फरक इथेच पडतो.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद तो वहीत करत नाही, गेटपर्यंत आलेल्याचीच करतो. ही थ्रेशोल्ड, म्हणजे किती हलक्या धक्क्याला ठोका मानायचं याची मर्यादा. माणूस दिसताक्षणी तो नाव लिहीत नाही, क्षणभर नीट पाहतो. हा स्कॅन टाइम, या वेळात मॉड्यूल ठोक्याचा सर्वांत वरचा जोर शोधतं. नोंद झालेला माणूस गेटपाशीच घुटमळला तर त्याला दुसऱ्यांदा लिहीत नाही. हा मास्क टाइम. आणि शेजारच्या इमारतीची बेल वाजली म्हणून तो आपलं गेट उघडत नाही. पॅड एकाच रॅकवर असल्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला पोचतो, त्याला क्रॉसटॉक म्हणतात.

रोलँड कंपनीच्या टीडी मालिकेतल्या मॉड्यूलांत स्कॅन टाइम ० ते ४ आणि मास्क टाइम ० ते ६४ मिलिसेकंदांपर्यंत बदलता येतो. स्कॅन फार कमी ठेवला तर सारख्याच जोराच्या ठोक्यांना वेगवेगळे आकडे येतात, वाढवला तर आवाज तेवढा उशिरा येतो.

मास्क टाइमचं गणित मात्र प्रत्येकाने एकदा करून पाहावं. २०० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला २०० बीट असताना, एका बीटमध्ये चार ठोके घेतले तर ६०,००० भागिले २०० भागिले ४, म्हणजे दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंद. त्यामुळे किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या ड्रमचा, मास्क ४०-५० ठेवला तरी डबल पेडलचा एकही ठोका हरवत नाही. स्नेअरवर असं चालत नाही. फ्लॅममध्ये हलका ठोका आधी पडतो आणि मुख्य ठोका साधारण २०-३० मिलिसेकंदांनी. मास्क ४० असेल तर मॉड्यूल हलका ठोका घेतं आणि मुख्य गिळतं. ऐकताना वाटतं की हात कमी पडला, प्रत्यक्षात हात बरोबर असतो. क्लासमध्ये पॅडवर छान फ्लॅम मारणारं मूल घरी अडखळतं, त्यामागे अनेकदा हेच एक सेटिंग असतं.

पैसे काढण्याआधी आकडे बघा

जवळजवळ सगळ्या घरगुती मॉड्यूलांना यूएसबीचं तोंड असतं. बऱ्याच जणांत प्रिंटरची केबलच चालते. ती लॅपटॉपला जोडा आणि मिडीचे निरोप दाखवणारा छोटा प्रोग्रॅम उघडा. विंडोजवर मिडी-ऑक्स आहे, मॅकवर मिडी मॉनिटर. आता स्नेअरवर वीस अगदी हलके ठोके मारा, मग वीस मध्यम, मग वीस जोरदार, आणि उमटणाऱ्या ओळी वाचा.

हलक्या वीस ठोक्यांच्या बाराच ओळी आल्या तर थ्रेशोल्ड जास्त आहे किंवा पॅड दमलंय. ओळी वीसच आहेत, जोर ८ ते २५ दाखवतोय, पण हेडफोनमध्ये काही नाही, तर ट्रिगरिंग ठीक आहे आणि आवाजाचा भाग कमी पडतोय. मध्यम ठोक्यांनाच १२७ दिसत असेल तर सेन्सिटिव्हिटी जास्त आहे, जोरदार ठोक्याला वर जागाच उरलेली नाही. एका ठोक्याच्या दोन ओळी आल्या तर डबल ट्रिगर. किक मारली आणि टॉमची (बाजूच्या छोट्या ड्रमची) १०-१२ जोराची ओळ उमटली तर क्रॉसटॉक. आणि आकडे ठरावीक पायऱ्यांवरच पडत असतील, मधले कधीच येत नसतील, आणि कोणत्याही सेटिंगने त्यात फरक पडत नसेल, तर ती मॉड्यूलचीच मर्यादा.

जाळीच्या पॅडवर आणखी एक गोष्ट तपासा. बरोबर मधे मारलं की १२०, दोन बोटं बाजूला त्याच जोराने मारलं की ७०. मधोमध फोमचा शंकू आणि त्याखाली पायझो असलेल्या पॅडचा हा जन्मजात दोष. काही नवी मॉड्यूलं हा फरक बऱ्यापैकी भरून काढतात. पण शंकू दबून जाळीपासून सुटला असेल तर मॉड्यूल काही करू शकत नाही, शंकूच बदलावा लागतो.

पॅडचा दोष की मॉड्यूलचा, हे ठरवायला स्नेअर आणि टॉमच्या केबलींची पॅडच्या बाजूने अदलाबदल करा. दोष पॅडबरोबर गेला तर पॅड, जागेवरच राहिला तर मॉड्यूल किंवा केबल. पॅडच निघालं तर खर्च किरकोळ आहे. लॅमिंग्टन रोडवर पायझोच्या चकत्या स्वस्तात मिळतात. वायर आधीच सोल्डर केलेली चकती घ्या, कारण सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक सिरॅमिकवर दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकलं तर वरचा चांदीचा थर सुटतो. मधल्या पांढऱ्या भागाची वायर जॅकच्या टोकाच्या (टिपच्या) कनेक्शनला, पितळेची ग्राउंडला. उलट जोडली तरी आवाज येतो, पण काही मॉड्यूलांवर हलके ठोके कमजोर लागतात.

सेटिंगचा क्रम

आधी मेनूमधून पॅडचा बरोबर प्रकार निवडा, कारण त्याने बाकीचे आकडे आपोआप बदलतात. मग सेन्सिटिव्हिटी: तुमच्या सर्वांत जोरदार ठोक्यालाच १२७ यायला हवं. मग थ्रेशोल्ड शून्यावर आणा, रॅकला हाताने धक्का द्या, शेजारचं पॅड वाजवा, आणि फुकटचे ठोके थांबेपर्यंत एकेक पायरी वर न्या. त्यापुढे एकही नाही. क्रॉसटॉक रोखणारी सेटिंग सगळ्यांत शेवटी, कारण ती वाढवली की दोन पॅड एकत्र मारताना हलका ठोका गळतो. हे मिडीच्या ओळी बघत केलं तर बहुतेक सेट इतके सुधारतात की नव्या मॉड्यूलचा विचार काही महिने पुढे ढकलता येतो.

तरीही बदलायचं असेल तर कोणतं?

घरी वाजवणाऱ्यासाठी आणि बऱ्यापैकी लॅपटॉप असेल तर मी फक्त ट्रिगरिंग करणारा डबा सुचवेन. तो ठोके ओळखून मिडीचे आकडे पाठवतो, आवाज लॅपटॉप काढतो. ईड्रमिन हा या प्रकारातला आजचा नावाजलेला पर्याय, तो चार, आठ आणि दहा जॅकांच्या रूपांत येतो. डीड्रमचं डीडीटीआय आणि अलेसिसचं ट्रिगर आयओ हे जुने, जुन्या बाजारात कधीमधी दिसणारे. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून घरपोच किंमत आधी विचारा.

स्टेजवर वाजवणाऱ्याचं गणित वेगळं. हळदीच्या मांडवात, धुळीत आणि उकाड्यात, जनरेटरच्या विजेवर लॅपटॉपच्या भरवशावर राहू नये. तिथे स्वतःचा आवाज असलेलं मॉड्यूलच हवं: त्याच कंपनीचं वरच्या श्रेणीतलं, किंवा रोलँडच्या टीएम-६ प्रोसारखं. आगरी-कोळी बँडमध्ये ऑक्टापॅड असतोच आणि त्याला बाहेरचे पॅड जोडायचे जॅकही असतात, पण मोजकेच. किक आणि स्नेअरपुरता तो उत्तम चालतो, पूर्ण सेट त्यावर बसत नाही.

वरच्या श्रेणीचं मॉड्यूल घेताना पुढचे पॅडही आत्ताच ठरवा. रोलँडचा पीडी-१४०डीएस हा डिजिटल स्नेअर यूएसबीने जोडला जातो. टीडी-२७ त्याला ओळखतं, टीडी-१७ ला ती सोयच नाही. आज थोडे पैसे वाचवून टीडी-१७ घेतलं आणि उद्या तो स्नेअर हवासा वाटला, तर पुन्हा मॉड्यूल आलंच.

‘जॅक तर सारखाच आहे, मग वाजत का नाही?’

सर्वांत जास्त घोटाळे इथे होतात. स्वस्त आणि मध्यम सेटमध्ये सगळे पॅड एका जाडजूड केबलीने, २५ पिनांच्या एकाच प्लगमधून मॉड्यूलला जातात. नव्या ट्रिगर डब्याला हे तोंड नसतं, त्याला प्रत्येक पॅडसाठी वेगळी पाव इंची पिन लागते. म्हणजे मॉड्यूलसोबत सात-आठ नव्या केबलींचा खर्च धरायला हवा. दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलला तसलंच २५ पिनांचं तोंड असलं तरी आतला क्रम वेगळा असू शकतो, प्लग बसला म्हणजे जुळला असं नाही.

केबली स्टिरिओच घ्या, पिनेवर दोन काळ्या रेघा असतात त्या. गिटारची मोनो केबल घरात असते म्हणून ती लावली जाते. तिच्या पिनेला मधलं कडं नसतं, त्यामुळे जॅकमधलं दुसरं कनेक्शन थेट ग्राउंडला टेकतं. त्या कनेक्शनवर टॉमची रिम (कड) असते, ती मुकी होते. सिंबलला (झांजेच्या पॅडला) त्याच ठिकाणी कडेचा स्विच असतो, आणि मॉड्यूलला वाटतं की कुणीतरी सिंबल हाताने कायम धरून ठेवलाय. क्रॅश सिंबल मारला की ‘टक्’ आवाज येऊन लगेच दबतो. नवं मॉड्यूल खराब निघालं म्हणून परत पाठवण्याआधी केबल बघा.

दुसरा प्रश्न कंपन्यांच्या पद्धतींचा. रोलँडच्या जाळीच्या स्नेअरमध्ये मधे एक पायझो आणि रिमला दुसरी. यामाहाच्या तीन भागांच्या पॅडमध्ये पायझो एकच, बाकीचे भाग स्विच आणि रेझिस्टरवर. यामाहाचं पॅड रोलँडच्या मॉड्यूलला लावलं तर मधला ठोका चालतो, रिम गडबडते. रोलँडच्या तीन भागांच्या राईड सिंबलला दोन केबली लागतात, यामाहाच्याला एकच पुरते. घेण्याआधी तुमच्या प्रत्येक पॅडचं नाव नव्या मॉड्यूलच्या यादीत आहे का ते पाहा. नसेल तर मल्टिमीटर काढा. कंटिन्युइटीवर ठेवून पिनेचं मधलं कडं आणि ग्राउंड यांना टोकं लावा आणि कड दाबा. बीप आला तर साधा स्विच, बीप न येता रेझिस्टन्स बदलला तर रेझिस्टरवाला, काहीच झालं नाही तर बहुतेक पायझो.

हाय-हॅटचा पेडल

बाकीचे पॅड जुळले तरी हाय-हॅट, म्हणजे पेडलने उघडझाप होणारी झांजांची जोडी, अडू शकतो, म्हणून खरेदीआधी पहिला प्रश्न त्याचाच विचारावा. पेडलमध्ये किती दाबलंय हे सांगणारा सेन्सर असतो आणि तो मिडीच्या ४ नंबरच्या कंट्रोलवरून ० ते १२७ असा सरकता आकडा पाठवतो. काही मॉड्यूलांत पूर्ण दाबल्यावर मोठा आकडा, काहींत उलट. सॉफ्टवेअरमध्ये दिशा उलटी झाली तर बंद हाय-हॅट उघडा वाजतो, तिथे रिव्हर्सचा पर्याय शोधा. नोट नंबरही जुळवावे लागतात. सर्वसाधारण यादीत बंद हाय-हॅट ४२ आणि उघडा ४६, पण रोलँड कडेवरच्या ठोक्यांना २२ आणि २६ पाठवतं. सॉफ्टवेअरच्या यादीतून आपलं मॉड्यूल निवडलं की बहुतेक हे आपोआप बसतं. पेडल कॅलिब्रेट करताना नेहमीचे बूट किंवा अनवाणी पाय, जसे वाजवता तसेच ठेवा.

कॉम्प्युटरमुळे आवाज उशिरा येणार नाही का?

येतो, पण किती ते मोजता येतं. ऑडिओ बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा आणि वेग सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असेल तर जवळजवळ ३ मिलिसेकंद. आवाजाला हवेतून एक मीटर जायला तेवढाच वेळ लागतो. त्यात स्कॅनचे दोन, मिडीचा एक आणि ऑडिओ इंटरफेसचे (लॅपटॉपला जोडायच्या बाहेरच्या साउंड कार्डचे) स्वतःचे थोडे मिळवा. दहाच्या आत राहिलात तर हाताला कळत नाही. विंडोजवर यासाठी एएसआयओ हा उशीर कमी करणारा ड्रायव्हर लागतो, त्याच्याविना लॅपटॉपचं अंगचं साउंड कार्ड कितीतरी जास्त उशीर करतं. आणि ब्लूटूथ हेडफोन अजिबात नको. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढेही सहज जातो, वाजवणं अशक्य होतं. वायरचा हेडफोनच लावा.

आवाजासाठी एमटी पॉवर ड्रमकिट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सुरुवात त्यानेच करा, तीही जुन्या मॉड्यूलच्या यूएसबीवरून. तक्रार फक्त आवाजाची असेल तर ती एका संध्याकाळीत, एक पैसाही न घालता मिटेल. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर हेडफोनमध्ये घूं आवाज येऊ लागला तर चार्जर काढून पाहा. थांबला तर दोष अर्थिंगचा, मॉड्यूलचा नव्हे.

खालच्या मजल्यावरचा त्रास कमी होईल?

नवं मॉड्यूल घेतल्याने नाही. खाली पोचतो तो किक पेडलचा धक्का, स्लॅबमधून. त्यावर उपाय पायाखालचा: दोन प्लायवुडच्या मधे टेनिसचे चेंडू बसवलेला फलाट किंवा जाड रबरी मॅट. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. त्या वेळात हेडफोन लावला तरी किकचा पाय जपून टाकावा. सेन्सिटिव्हिटी नीट लावली की कमी जोरात मारूनही पूर्ण आवाज मिळतो, तेवढा फायदा खालच्यांना होतो.

स्वतः बनवता येईल?

येईल. इलेक्ट्रॉनिक्सचा हात असलेल्या मुलांनी जरूर करावं, कारण ट्रिगरिंग समजून घ्यायचा याहून चांगला मार्ग नाही. आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डांपैकी लिओनार्डो किंवा मायक्रो घ्या, ते यूएसबीवर थेट मिडी वाद्य म्हणून ओळखले जातात, जुना उनो (आर३) तसा ओळखला जात नाही. प्रत्येक पायझोला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर लावा आणि पिन वाचवायला ५.१ व्होल्टचा झीनर डायोड. जोरदार ठोक्याला पायझो पाच व्होल्टच्या बरीच पुढे जाते, डायोड नसेल तर पिन जळू शकते. टीन्सी नावाच्या तसल्याच बऱ्याच बोर्डांच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, तिथे झीनरही त्या हिशेबाने. किक, स्नेअर, टॉम छान चालतात. हाय-हॅट आणि तीन भागांचा राईड यांतच महिने जातात, त्यामुळे परीक्षेच्या वर्षात सुरू करू नये.

नवा डबा घरी आल्यावर

जुन्या जोडणीचे फोटो काढा आणि प्रत्येक केबलीला दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहा. अडॅप्टर बसतो म्हणून जुनाच लावू नका. मॉड्यूलच्या मागे व्होल्टेज आणि मधली पिन धन की ऋण याचं छोटं चित्र असतं, ते दोन्हीकडे जुळायला हवं. आपल्याकडच्या पावसाळ्यात जॅकांना गंज धरतो आणि खरखर होऊन फुकटचे ठोके उमटतात. जूनआधी आणि सप्टेंबरनंतर एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिना चार-पाचदा आतबाहेर करा.

जुनं मॉड्यूल लगेच विकू नका, महिनाभर ठेवा. एखादं पॅड नव्यावर बसलं नाही तर ते पॅड ठीक आहे की नाही हे जुन्यावर लावूनच कळतं. विकताना फॅक्टरी रिसेट करा आणि २५ पिनांची केबल व अडॅप्टर सोबत द्या. ती केबल तुमच्या नव्या डब्याला लागणार नाही, आणि घेणाऱ्याला तिच्याशिवाय त्या मॉड्यूलवर जवळजवळ काहीच वाजवता येणार नाही.